गोळी थांबवायची तर तपासणी गावाजवळ हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत कर्करोगाच्या मूळपेशींवरच्या, म्हणजे ज्या मूठभर पेशींपासून रोग पुन्हा उभा राहतो त्यांच्यावरच्या औषधांबद्दल लेख आला होता. लेख मेहनतीने लिहिलेला होता. मथळा मात्र 'कर्करोग आता मुळासकट उपटणार' असा होता. त्या दिवशी दुपारपर्यंत मला चार फोन आले. त्यातला एक आमच्याच तालुक्यातल्या तिशीतल्या मुलाचा. त्याला माझाच आजार आहे, रक्ताचा कर्करोग, गोळी सुरू होऊन दीड वर्ष झालं. म्हणाला, "काका, मूळच उपटणार असेल तर ही गोळी आता कशाला घ्यायची? माझा रिपोर्ट तर निल आलाय." हे पत्र त्याच्यासाठी लिहितोय, आणि ज्यांना असा फोन करायला कुणी नाही त्यांच्यासाठीही.

मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. कृषी पदवीधर असल्यामुळे इंग्रजी शोधनिबंध डिक्शनरी घेऊन वाचतो आणि अडलं की पुण्यात बायोटेक्नॉलॉजीत पीएचडी करणाऱ्या पुतणीला फोन लावतो. २००९ च्या ऑक्टोबर छाटणीत बागेतल्या दोन ओळी चाललं तरी मला खाली बसावं लागायचं. डाव्या बरगडीखाली दगड ठेवल्यासारखं जड वाटायचं. ती वाढलेली पानथरी, म्हणजे प्लीहा होती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी अकरा हजारांच्या आत हव्यात, माझ्या दोन लाख दहा हजार निघाल्या. आजाराचं नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल. तेव्हापासून रात्रीच्या जेवणानंतर मोठा पेलाभर पाण्याबरोबर इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची गोळी. सकाळी डोळ्यांखाली सूज असते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. या गोळीने मला दोन्ही मुलींची लग्नं दाखवली.

या आजारात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन चिकटतात. १९६० साली फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्ड यांना रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं होतं. ही तुकड्यांची अदलाबदल आहे हे १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवलं. त्या जोडातून बीसीआर-एबीएल नावाचं प्रथिन तयार होतं आणि ते पेशीला रात्रंदिवस एकच निरोप देत राहतं, वाढत राहा. इमॅटिनिब त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसतं आणि निरोप तुटतो. २००१ साली अमेरिकेत ही गोळी मंजूर झाली. तिच्या मोठ्या चाचणीत दहा वर्षांनंतरही ८३ टक्के रुग्ण हयात होते. पूर्वी हा आजार थोड्याच वर्षांत माणूस नेत असे.

मग मूळ उपटलं गेलं का? याचं उत्तर मला बागेतल्या लव्हाळ्याने जितकं समजावलं तितकं कुठल्याही पुस्तकाने नाही.

ज्याच्या रानात लव्हाळा आहे त्याला वेगळं सांगायला नको. वरून हिरवी पाती, खाली माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या काळ्या गाठी. ग्लायफोसेट मारलं की पंधरा दिवसांत पाती पिवळी पडून वाळतात, रान स्वच्छ दिसतं. पण हे तणनाशक पानातून साखरेच्या प्रवाहाबरोबर खाली उतरतं आणि जिथे वाढ चालू आहे तिथेच पोहोचतं. जी गाठ झोपलेली आहे ती साखर ओढत नाही, म्हणून विषही ओढत नाही. पहिला पाऊस पडून वाफसा आला की त्या गाठीला कोंब फुटतो आणि महिन्याभरात रान होतं तसं होतं.

सीएमएलमध्ये हेच घडतं, आणि हे मी मनाने सांगत नाही. ग्लासगोच्या टेसा होलिओक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रयोगशाळेत दाखवलं की रुग्णाच्या बोन मॅरोतल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या सगळ्यात मूळच्या, विभागणी थांबवून झोपलेल्या कर्कपेशी इमॅटिनिबला दाद देत नाहीत. पुढे २०११ मध्ये आणखी खोलातली गोष्ट कळली. ही गोळी ज्यांनी रुग्णांपर्यंत आणली त्या ब्रायन ड्रुकर यांच्याच गटाने दाखवलं की या मूळपेशींत गोळी शिरते, बीसीआर-एबीएलचं काम बंदही करते, तरी पेशी मरत नाही. जगण्यासाठी ती त्या निरोपावर अवलंबूनच नसते. तिला तगवणारे निरोप दुसरीकडून येतात, शेजारच्या पेशींकडून, मॅरोतल्या तिच्या घरट्यातून. हे दुसरे निरोप कोणते आणि ते कसे तोडायचे, हाच आपल्या लेखाचा विषय होता.

तिकडे जाण्याआधी माझ्या चुकीबद्दल लिहितो, कारण तो मुलगा तीच करायला निघाला होता.

पीसीआर म्हणजे रक्तात बीसीआर-एबीएल किती उरलं ते टक्क्यांत मोजणारी बारीक तपासणी. २०१२ च्या अखेरीस माझा पीसीआर रिपोर्ट पहिल्यांदा 'बीसीआर-एबीएल आढळले नाही' असा आला. त्या साली आमच्याकडे भीषण दुष्काळ. विहिरीने तळ गाठलेला, वेली वाचवायला टँकरचं पाणी विकत घ्यावं लागत होतं. गोळीला महिन्याला आठ हजार जायचे. मी हिशेब केला, रिपोर्ट निल आहे, वेल मात्र मरतेय. फेब्रुवारी २०१३ मध्ये मी गोळी बंद केली. डॉक्टरांना सांगितलं नाही, बायकोलाही नाही. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबच्या पेटंटवरचा निकाल दिला. कंपनीच्या गोळीला महिन्याला एक लाखाच्या वर मोजावे लागत, आपल्याकडची जेनेरिक दहा हजारांच्या आत मिळे. न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना देसाई यांच्या पीठाने पेटंट नाकारलं आणि स्वस्त गोळी टिकली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिल्या पानावर माझ्या गोळीची बातमी होती आणि घरात माझी डबी रिकामी होती. ती बातमी मी दोनदा वाचली आणि तरीही गोळी सुरू केली नाही.

ऑगस्टमध्ये पुन्हा ते ओळखीचं जडपण आलं. पांढऱ्या पेशी ३८ हजार. गोळी परत सुरू केली. पीसीआरचा आकडा ०.१ टक्क्याखाली यायला त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष लागलं. माझं नशीब की रोग मधल्या काळात पुढच्या अवस्थेत गेला नाही. सगळ्यांचं तसं होत नाही, दवाखान्याच्या रांगेत शेजारी बसलेले दोघं मी गमावले आहेत.

गोळी थांबवता येतच नाही असं मात्र मी म्हणत नाही. फ्रान्समध्ये १०० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. किमान दोन वर्षं सलग ज्यांच्या रक्तात बीसीआर-एबीएल सापडलं नव्हतं, त्यांनाच तिथे घेतलं होतं. गोळी थांबवल्यावर वर्षभरानंतर साधारण ४१ टक्के रुग्ण रोगमुक्त राहिले. ज्यांचा रोग परतला त्यांपैकी जवळजवळ सगळ्यांचा पहिल्या सहा महिन्यांतच परतला, आणि गोळी पुन्हा दिल्यावर तो आटोक्यात आला. पुढे युरोपातल्या साडेसातशेवर रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांनी निम्मे लोक गोळीशिवाय ठीक होते. म्हणजे काहींच्या शरीरात उरलेल्या गाठी पुन्हा फुटतच नाहीत. कुणाच्या फुटतील आणि कुणाच्या नाही हे आधी नक्की सांगता येत नाही. म्हणून तिथे दर महिन्याला पीसीआर करत होते आणि आकडा वर सरकताच गोळी सुरू करत होते, पानथरी फुगायची वाट बघत नव्हते. माझ्याकडे दोन वर्षांऐवजी एकच निल रिपोर्ट होता, आणि थांबवल्यावर मी एकही तपासणी केली नाही.

आता त्या दुसऱ्या निरोपांबद्दल. मूळपेशी ही कल्पना कर्करोगात पक्की झाली ती टोरांटोच्या जॉन डिक यांच्या १९९४ आणि १९९७ च्या कामाने. ल्युकेमियाच्या पेशी त्यांनी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत सोडल्या, तेव्हा त्यांतला अगदी थोडा हिस्साच नवा ल्युकेमिया उभा करू शकला. २००३ मध्ये स्तनाच्या कर्करोगात तसंच दिसलं. त्यानंतर सगळ्यांनी या मूठभर पेशींना जगवणाऱ्या संदेशमार्गांचा पिच्छा पुरवला. हेजहॉग, विंट आणि नॉच ही त्यांतली मोठी नावं, आणि तिन्हींची ओळख आधी केळ्याभोवती घोंघावणाऱ्या फळमाशीत झालेली.

हेजहॉगची गोष्ट प्रत्येक शेतकऱ्याने ऐकावी अशी आहे. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात १९५० च्या दशकात मेंढपाळांकडे कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा असलेली कोकरं जन्मायला लागली. मेंढपाळ हवालदिल झाले. सरकारी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं मेंढ्या काय खातात ते तपासलं आणि डोंगरातल्या कॉर्न लिली नावाच्या रानझाडापाशी येऊन थांबले. गाभण मेंढीने चौदाव्या दिवसाच्या सुमारास ते खाल्लं की कोकरू एकाक्ष जन्मतं. त्यातल्या रसायनाला त्यांनी सायक्लोपामिन असं नाव दिलं. ते नक्की काय करतं हे कळायला १९९० च्या दशकाची अखेर उजाडली. गर्भात मेंदूचे आणि डोळ्यांचे डावे-उजवे भाग वेगळे करणारा हेजहॉगचा निरोप ते अडवतं. तोच निरोप त्वचेच्या एका कर्करोगात अडकून चालू राहिलेला असतो. त्याच जागी घाव घालणारं व्हिस्मोडेगिब हे औषध जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. मेंढपाळांचं दुखणं कुणीतरी गांभीर्याने घेतलं, त्यातून हे औषध आलं. आमच्या गोठ्यात, आमच्या बागेत काही विचित्र दिसलं तर ते टिपून घ्यायला आज कोण येतं, असं हे वाचताना मनात आलं.

सीएमएलमध्येही उंदरांवर आशा दिसली होती. २००९ साली असं प्रसिद्ध झालं की हेजहॉगचा मार्ग काढून टाकला तर सीएमएलच्या मूळपेशी आटतात. वाचून मी हरखलो होतो. माणसांत मात्र ते इतकं सोपं निघालं नाही. हेजहॉग अडवणारं ग्लासडेगिब २०१८ मध्ये मंजूर झालं ते दुसऱ्या, तीव्र प्रकारच्या ल्युकेमियासाठी, ज्यांना जोरदार केमोथेरपी झेपत नाही अशा वयस्क रुग्णांसाठी. त्याने निम्मे रुग्ण किमान जितके जगले तो काळ ४.३ महिन्यांवरून ८.३ महिन्यांवर गेला. चार महिने हे त्या घरासाठी लहान नाहीत, पण त्याला मूळ उपटणं म्हणता येणार नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगात हेजहॉग अडवण्याचा मोठा प्रयत्न २०१२ मध्ये थांबवावा लागला. 'कर्कपेशींचं मूळपण मोडणारं' म्हणून गाजलेलं नापाब्युकासिन त्याच कर्करोगात २०१९ मध्ये निष्फळ ठरलं.

अडचण कुठे आहे? हेच निरोप आपल्या चांगल्या मूळपेशीही वापरतात. हेजहॉग अडवलं की केस गळतात, तोंडाची चव जाते, स्नायूंत गोळे येतात. विंट अडवलं की हाडं ठिसूळ होतात, नॉच अडवलं की आतड्याचं अस्तर बिघडून जुलाब लागतात. द्राक्षाच्या ओळीत तणनाशक मारताना आम्ही नोझलला झाकण लावतो, कारण वेलीच्या कोवळ्या फुटीवर थेंब उडाला तरी फूट जळते. या औषधांसाठी तसं झाकण शोधणं हे खरं काम आहे आणि ते सावकाशीचं आहे. नॉचच्या वाटेवर एक यश आलं, डेस्मॉइड नावाच्या गाठींसाठीचं निरोगासेस्टॅट, नोव्हेंबर २०२३ मध्ये. आणि मूळ-पातीचा हा हिशेब सगळ्याच कर्करोगांना लागू नाही. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात २००८ साली असं दिसलं की प्रयोगाची पद्धत सुधारली तर चारातली एक पेशी नवी गाठ उभी करते. तिथे द्राक्षाच्या काडीसारखा जागोजागी डोळा, म्हणजे फूट निघणारी कळी आहे.

या कामात आपली माणसंही आहेत, ती नावं लेखात यायला हवी होती. विंट या नावातला 'वि' विंगलेसचा, म्हणजे पंख नसलेल्या फळमाशीचा. तिच्यावरचा १९७६ चा मूळ शोधनिबंध शर्मा आणि चोप्रा यांचा, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतला. ते वाचून कृषी पदवीधर म्हणून मला भरून आलं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात शर्मिला बापट आणि सहकाऱ्यांनी २००५ साली अंडाशयाच्या कर्करोगातल्या मूळपेशी वेगळ्या करून दाखवल्या. जगातल्या या विषयावरच्या अगदी सुरुवातीच्या कामांत ते मोजलं जातं.

सीएमएलपुरती मला सगळ्यात जवळची वाटणारी वाट वेगळीच आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर आम्ही काडीवरच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतो. झोपलेले डोळे सगळे एकदम फुटावेत, मागेपुढे होऊ नयेत, म्हणजे पुढच्या फवारण्या वेळेवर बसतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी जवळपास हेच योजलं. पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची जुनी गोळी स्टॅट-५ नावाच्या संदेशवाहकाला खाली आणते आणि झोपलेल्या सीएमएल पेशीला झोपेतून बाहेर काढते. जागी झालेली पेशी मग इमॅटिनिबच्या तावडीत येते. २०१५ साली त्यांनी पहिल्या तीन रुग्णांबद्दल लिहिलं. पायोग्लिटाझोन थांबवल्यावरही त्यांचा रोग सापडेनासा राहिला, एकाचा पावणेपाच वर्षांपर्यंत. पुढच्या २४ जणांत निम्म्याहून अधिकांचा आकडा वर्षभरात अगदी खोल गेला. पण चिठ्ठ्या टाकून निवडलेला तुलनेचा गट तिथे नव्हता, म्हणून यावर अजून उपचार ठरत नाही.

ही गोळी माझ्या बायकोच्या डब्यात आहे. तिच्या साखरेसाठी ती रोज घेते. मी हा निबंध वाचून पुतणीला फोन केला तेव्हा ती पहिल्यांदा एवढंच म्हणाली, "काका, काकूच्या डब्याला हात लावलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही." २०१३ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेने याच गोळीची विक्री आपल्याकडे काही आठवडे थांबवली होती, नंतर इशारा छापून पुन्हा परवानगी दिली. मी हात लावलेला नाही. हे वाचणाऱ्यांनीही लावू नये, हात जोडून विनंती आहे.

माझ्यापुरता आज प्रश्न असा आहे. गेली पाच वर्षं माझा आकडा ०.००३२ टक्क्यांच्या खाली आहे. डॉक्टर म्हणतात, गोळी थांबवून बघायची का ते तुम्ही ठरवा. थांबवलं तर पहिले सहा महिने दरमहा पीसीआर, पुढचे सहा महिने दर दोन महिन्यांनी, नंतर दर तीन महिन्यांनी. पहिल्या वर्षात नऊ तपासण्या. मला एक तपासणी पाच हजारांना पडते, म्हणजे ४५ हजार. रक्त मिरजेला द्यायचं, ते मुंबईला जातं, रिपोर्ट यायला बारा-पंधरा दिवस. गोळी आता महिन्याला दोन हजारांच्या आत मिळते, म्हणजे वर्षाला २४ हजार. पहिल्या वर्षी गोळी सोडणं हे गोळी घेण्याच्या जवळपास दुप्पट महाग आहे. ज्याला परवडत नाही तो एकतर आयुष्यभर गोळी घेत राहतो, नाहीतर मी केलं तसं आंधळेपणाने सोडतो.

शासनाकडे माझं मागणं साधं आहे. क्षयरोगासाठी जिल्ह्याजिल्ह्यात सीबीनॅट ही तपासणीची स्वयंचलित यंत्रं बसवलेली आहेत. त्याच जातीच्या यंत्रावर बीसीआर-एबीएल मोजणारी कार्ट्रिज तयार मिळते, दोन-अडीच तासांत आकडा येतो. प्रत्येक महसुली विभागात एका तरी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ही तपासणी मोफत किंवा माफक दरात सुरू करा. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा तरुण वयात होतो. तिशी-चाळिशीतल्या कमावत्या माणसाला पुढची कित्येक वर्षं दर तीन महिन्यांनी हा आकडा लागतो. झोपलेल्या पेशींवरचं नवं औषध उद्या आलं तरी ते लागू पडलं का हे याच तपासणीतून कळणार आहे.

आणि संपादक महाराज, आपल्याकडे विनंती. असा लेख छापाल तेव्हा सोबत चौकटीत दोन ओळी द्या, की चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि तपासणी केल्याशिवाय थांबवू नका. 'स्टेम सेल'च्या नावाखाली पावडरी आणि थेंब विकणारे गावोगाव फिरतात, तेव्हा कर्करोगाची मूळपेशी वेगळी आणि उपचाराला वापरतात ती मूळपेशी वेगळी, हेही एका वाक्यात सांगा.

त्या मुलाने सोमवारी गोळी घेतली नव्हती. मंगळवारी रात्री मी त्याच्या घरी गेलो, माझे २०१३ चे रिपोर्ट त्याच्या आईसमोर ठेवले. त्याच्या 'निल' रिपोर्टवर पांढऱ्या पेशींची साधी मोजणी होती. पीसीआर त्याने गोळी सुरू झाल्यापासून एकदाही केलेला नव्हता. त्याने माझ्यासमोर गोळी घेतली. या शनिवारी सकाळच्या एसटीने आम्ही दोघं मिरजेला रक्त द्यायला जाणार आहोत.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. तासगाव, जि. सांगली
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)